शीळ नाही म्हणजे वाट मोकळी

११ फेब्रुवारी

आज दुपारी जेवताना एल्साबेला सांगून टाकलं की या हिवाळ्यात, जुलैत, आपल्या फार्मवर शिकारी पाहुणा येणार. पहिलावहिला. एकटाच आहे, सात दिवस राहील, माळावरची तीन जनावरं मारील: एक स्प्रिंगबोक, एक हार्टबीस्ट आणि लांब सरळ शिंगांचा एक गेम्सबोक. तिने काटा खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. "काय म्हणालीस?" विचारलं तर मोठ्याने म्हणाली, "मीठ दे." लग्नाला सदतीस वर्षं झाली. हल्लीच या बाईला तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली आहे.

ही वही मुद्दाम घेतली. तीस वर्षं शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना मी आणि टीटसने या तांबड्या वाळूत फिरवलं आणि शाबासकी शेजाऱ्यांनी घेतली. मेंढ्या गेल्या वर्षी विकून टाकल्या. कुंपणाच्या आत आता रानची जनावरंच जास्त आहेत. मग आपला पाहुणा आपण का आणू नये? त्रेसष्टाव्या वर्षी नवा उद्योग काढणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. म्हणोत बापडे. सगळं नीट आखायचं आणि जे ठरेल ते इथे लिहायचं, म्हणजे नंतर कुणाचा वाद नको.

टीटस इसाकला संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, माझ्या बापाच्या मेंढपाळाचा मुलगा. चारचौघांत मला मालक म्हणतो, रानात नुसतं बारेंड. माग काढण्यात त्याचा हात धरणारा माणूस कोरड्या नदीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. बातमी ऐकून तो उडी मारेल असं वाटलं होतं. त्याने नुसती टोपी मागे सारली.

१९ फेब्रुवारी

परवान्याचा अर्ज भरला. शिकारीवर लोकांना घेऊन जायचं तर परीक्षा द्यावी लागते, त्याआधी हा सहा पानी छळ. शेवटच्या पानावर प्रकृती. डोळे: उत्तम. कान: उत्तम. हृदय: उत्तम. गुडघ्यांचं विचारलं नाही, नाहीतर खोटं बोलावं लागलं असतं.

२ मार्च

टीटसबरोबर तीन दिवस जनावरं मोजली. गेम्सबोक एकशे चाळीस, हार्टबीस्ट साठ-बासष्ट, स्प्रिंगबोक टीटस म्हणतो चारशे, मी म्हणतो पाचशे. पाऊस बरा झाला आहे, गवत गुडघ्याला लागतं.

एक गोष्ट मनाला लागली. यंदा चंडोलांना काय झालं आहे कोण जाणे. दरवर्षी या दिवसांत चंडोल सरळ वर चढतो, पंखांच्या टाळ्या वाजवतो आणि लांब शीळ घालत खाली येतो. यंदा टाळ्या वाजतात, शीळ नाही. पाखरू वर जातं, खाली येतं आणि मुकाट गवतात शिरतं. मी टीटसला म्हटलं, "पाखरांना काहीतरी रोग झालाय. शेजाऱ्याने फवारणी केली असणार."

त्याने आधी पाखराकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाला, "असेल."

१७ मार्च

परीक्षा पास झालो. तोंडी परीक्षेत एक कार्टं प्रश्न इतक्या हळू विचारत होतं की दोनदा त्याला दटावावं लागलं. बाकीचे हसले. नेमबाजीत मी पहिला.

स्वीडनच्या पाहुण्याचं पत्र आलं. नाव हाकान, लाकडाच्या गिरणीत आयुष्य गेलं, बायको दोन वर्षांपूर्वी वारली. आजवर फक्त त्यांच्याकडचे एल्क मारले आहेत, सांबरासारखी थोराड जनावरं. पत्रात एकोणीस प्रश्न. साप किती? थंडी किती? रायफल आपली आणू का? आणि शेवटी: मला पक्षी बघायला आवडतात, दुर्बीण आणली तर चालेल ना? चालेल म्हणावं, पण गेम्सबोक शिंगाने बघतो, त्याच्याकडेही थोडं लक्ष असू दे.

नंतर फोनवर बोललो. लाइन भिकार. नुसती घरघर. एल्साबेने फोन हातातून घेतला आणि दहा मिनिटं हसून बोलली. या स्वीडिश लोकांना बायकांशी बोलतानाच लाइन मिळते.

४ एप्रिल

आज कामाची पद्धत ठरवायला टीटसला घेऊन टेकाडांवर गेलो आणि भांडून परत आलो.

पद्धत अशी आहे, पोरवयापासून तीच. टीटस पुढे जातो, आम्ही बंदूक घेऊन टेकाडाच्या अलीकडे थांबतो. बंदुकीच्या समोरून त्याला जायचं असलं की तो चंडोलाची शीळ घालतो, दोनदा, आखूड. शीळ आली की नळी खाली. शीळ नाही म्हणजे वाट मोकळी. चंडोलच का, तर शिकारीच्या कोरड्या थंडीत चंडोल गात नाही. म्हणजे जून-जुलैत ती शीळ ऐकली की तो टीटसच, दुसरं कुणी नाही. हे आम्ही अकरा वर्षांचे असताना ठरवलं आणि आजवर एकदाही चुकलेलं नाही.

तर हा म्हणतो, "बारेंड, यंदा शिळेऐवजी फडकं घेऊ. काठीला लाल फडकं. मी समोर येणार असलो की वर करीन."

"लाल फडकं? आणि गेम्सबोक काय, सलाम ठोकतील?"

"त्यांना लाल दिसत नाही. तूच सांगितलंस मला."

"पाहुण्याला दिसतं. त्याला वाटेल आम्ही रस्त्याचं काम करतोय."

"वाटू दे."

"अरे, पन्नास वर्षं शिळेवर चाललं की नाही?"

"चाललं," तो म्हणाला. "तेव्हा चाललं."

फडकं उभं करायला मोकळी जागा लागते, जाळीत ते कुणाला दिसणार, असंही मी त्याला सुनावलं. त्याने फडक्याचा हट्ट सोडला. मग म्हणाला की मी पुढे जाणारच नाही, तुझ्या बरोबरीने चालतो. आता माग काढणारा मागे राहिला तर जनावर काय पत्ता लिहून ठेवणार आहे? म्हातारा घाबरट झाला आहे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वहीत तरी खरं लिहावं.

२२ एप्रिल

टीटसच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का? आज पाणवठ्यावर मी पंपाचा पट्टा बसवत होतो. मागे कुणी आहे असं वाटून वळलो, तर हा पंधरा पावलांवर उभा, ओठांचा चंबू केलेला, गाल आत गेलेले. मला बघून ओठ मिटले. "काय रे, चुंबन कुणाला देतोयस?" म्हटलं. एरवी अशा गोष्टीला तो दोन दिवस हसतो. आज हसला नाही. जवळ आला आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरलं.

७ मे

एल्साबेने मला न विचारता विंडहुक शहरातल्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. जूनच्या बारा तारखेची! तेव्हा पाहुणा यायला जेमतेम तीन आठवडे, त्याच्या झोपडीचं छप्पर अजून अर्धं, आणि मी सव्वाचारशे किलोमीटर गाडी हाकत कान दाखवायला जायचं. मी फोन करून वेळ रद्द केली.

मग जे व्हायचं ते झालं. ती स्वयंपाकघरात उभी राहून ओरडली. "तुला काही ऐकू येत नाही, बारेंड! काही म्हणजे काही!"

"ओरडू नकोस, मी बहिरा नाही. ते शब्द मला नीट ऐकू आले."

"कारण मी ओरडले!"

बायकांशी वाद घालून उपयोग नसतो. बंदुकीने माणसाचे कान थोडे जड होतात हे मलाही मान्य आहे. माझ्या बापाचे झाले होते. पण बाप ऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्याशी दाराबाहेरून बोलावं लागायचं. माझं तसं नाही. लोक नीट बोलले तर मला सगळं कळतं.

२८ मे

झोपडी पुरी झाली. पलंग, पाण्याची टाकी, शेकोटीसाठी दगडांचं कडं. टीटसची बायको माग्रीता सात दिवस स्वयंपाक करणार. सकाळी मक्याची लापशी, दुपारी निखाऱ्यावरच्या भाकऱ्या आणि थंड मांस, संध्याकाळी जे मारलं असेल ते. माग्रीता म्हणाली, "आणि काहीच मारलं नाही तर, मालक?" म्हटलं, "तर तुझ्या कोंबड्या." तिने हसता हसता कमरेवर हात ठेवले. ती एक जण अशी आहे की तिचं बोलणं मला नेहमी कळतं. तोंडासमोर उभी राहून बोलते.

चार दिवस झोप उडाली आहे. इथे लिहितो, कारण कुणाला सांगणार? मला भीती वाटते. गोळीची नाही, जनावराची नाही. भीती अशी की सगळं मांडून झालं, पाहुणा आला, आणि मीच कमी पडलो तर? मुलगा म्हणतो, बाबा, पुरे आता, विका आणि विंडहुकला या. तिथे जाऊन मी काय करू, गॅलरीत बसून गाड्या मोजू? मला अजून एकदा लोकांनी म्हणावं असं वाटतं की बारेंड एस्टरहायझनला रान कळतं. एवढंच. यात काही पाप नाही.

१६ जून

आज शेवटची रंगीत तालीम. टीटसला म्हटलं, तुझा जीव राजी नसेल तर तसं सांग. शेजारच्या फार्मवरचा माग काढणारा मिळतो, सात दिवसांसाठी त्याला बोलावतो.

टीटस वाळूवर बसला. काडीने वाळूत रेघा ओढत राहिला. मग मान वर करून, अगदी माझ्याकडे तोंड करून, एक एक शब्द सुटा करून बोलला. "नको. दुसऱ्याला पुढे पाठवू नकोस. त्याला तुझी सवय नाही. मी जातो."

"मग एवढे दिवस तोंड का पाडलं होतंस?"

"माझं तोंड तसंच आहे. तू आता बघितलंस."

शेवटी आला वळणावर. मला बरं वाटलं. येताना त्याला तंबाखूचा पुडा दिला.

१ जुलै

पाहुणा आला. उंच, वाकलेला, हात मोठाले, बोलण्यात लाजरा. सामानात रायफल, पक्ष्यांचं पुस्तक आणि कानांवर घालायची दोन मोठी झाकणं, ट्रॅक्टरवाले घालतात तशी. ती म्हणे विजेवर चालतात. गोळीचा आवाज अडवतात आणि बारीकसारीक आवाज मोठे करून ऐकवतात. पान हललं तरी कळतं म्हणाला. मी टीटसकडे बघून डोळा मारला. पण टीटस ती झाकणं हातात घेऊन उलटसुलट करत बसला, एखाद्या बाईने कापड बघावं तसा. आणि मग मला म्हणतो, "मालक, अशी तुम्हाला घ्या ना."

पाहुण्यासमोर! मी विषय बदलला.

३ जुलै

स्प्रिंगबोक मिळाला. दीडशे पावलांवरून एक गोळी, जागच्या जागी. टीटसने झुडपाची डहाळी तोडून जनावराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी हाकानच्या टोपीत. हाकान टोपी काढून उभा राहिला आणि रडला. मग लाजला. टीटस म्हणाला, "रडू दे त्याला. जे रडत नाहीत त्यांच्याबरोबर मी परत जात नाही." फार दिवसांनी आम्ही तिघं पोटभर हसलो. रात्रीच्या जेवणात काळीज, कांदा घालून.

माझी सगळी भीती फुकट होती. सगळं आखल्याप्रमाणे चाललं आहे.

५ जुलै

टीटस गेला.

६ जुलै

लिहायलाच हवं. पोलीस येऊन गेले, उद्या ठाण्यात बोलावलं आहे, आणि त्याआधी माझं मला स्पष्ट असायला हवं.

सकाळी आठला निघालो. गवतावर पांढरं दहिवर. उंच टेकाडाच्या पलीकडे गेम्सबोकचा एकटा नर चरत होता. हाकानने गोळी मारली ती जराशी मागे लागली. एल्क मारणाऱ्यांची ही सवय, मी पत्रात दोनदा लिहिलं होतं की खांद्यावर मार. नर काट्यांच्या जाळीत शिरला. आम्ही नियमाप्रमाणे थांबलो, कॉफीचा एक पेला होईपर्यंत. मग टीटस निघाला, जाळीला डावीकडून वळसा घालायला. निघताना माझ्या कोपराला हात लावून काहीतरी बोलला. जखमी जनावर जवळ असताना हळूच बोलतात. नेहमीचंच काहीतरी असणार.

हाकानने रायफल तिकाटण्यावर ठेवली. वीसेक मिनिटं गेली. मग नर जाळीच्या डाव्या टोकाला बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. मान खाली, जखमेने दमलेला. मी कान दिला. शपथेवर लिहितो, मी श्वास रोखून कान दिला. काही नाही. हाकानने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, डावीकडे बोट केलं, ओठ हलवले. मला वाटलं विचारतोय, मारू का? शीळ नव्हती. वाट मोकळी होती. मी त्याच्या खांद्यावर थाप दिली. मार, अशी ती खूण.

नर कोसळला. त्याच्या पलीकडे, करड्या झुडपात, पंधरा पावलांवर टीटस होता. गोळी जनावराच्या मानेतून आरपार गेली आणि त्याच्या बरगड्यांखाली लागली. मी सदरा फाडेपर्यंत तो होता. डोळे माझ्यावर होते. रागावलेले नव्हते. ते रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याने शीळ घातली नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने शीळ घातली नाही.

७ जुलै

ठाण्यात जबाब दिला. सार्जंट तरुण आहे, तोंडात खडा ठेवल्यासारखा बोलतो. एकेक प्रश्न तीनतीनदा विचारावा लागला त्याला. शेवटी कागदावरून डोळे वर करून म्हणाला, "तुमचे कान बरे आहेत ना?"

"उत्तम," मी म्हटलं. एल्साबे शेजारी बसली होती. ती फरशीकडे बघत होती.

जबाबात लिहिलं आहे: ठरलेली शीळ मृताने घातली नाही. मी खाली सही केली. सार्जंट म्हणाला की मग हा अपघात आहे आणि चूक मयताची.

परतीच्या रस्त्यावर एल्साबे एक अक्षर बोलली नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

९ जुलै

हाकान आज गेला. रायफल पोलिसांकडेच आहे, तो म्हणाला ती त्याला परत नकोच. दोन दिवस माझ्यामागे काहीतरी सांगायला येत होता आणि त्याच्या उच्चारातलं मला निम्मंही कळत नव्हतं. गाडीत बसण्याआधी त्याने एक चिठ्ठी हातात दिली. मोठ्या अक्षरांत लिहिलेली, मुलांना लिहून देतात तशी. ती इथेच वहीत ठेवतो आहे.

"मी डावीकडून चंडोल ऐकला. दोनदा. मी तुम्हाला विचारलं की हा चंडोल का. तुम्ही थाप दिलीत. मला वाटलं, नुसता पक्षी आहे. मला क्षमा करा."

जुलैत चंडोल! चार दिवस या देशात राहिलेल्या माणसाला दहिवरात चंडोल ऐकू येतात! कानावर ती झाकणं घालून बसलं की काय वाटेल ते ऐकू येत असणार. बिचारा हादरला आहे, स्वतःच्या माथी काहीतरी ओढून घेतोय. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, तुझी काही चूक नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मीच त्याची भाषा बोलत नव्हतो.

११ जुलै

टीटसला पुरलं. आसपासच्या फार्मांवरून दोनशे माणसं आली होती. टीटसच्या नामा जमातीचं गाणं म्हणजे लांबवरच्या टेकाडावर ऐकू जाणारं. आज मात्र दबकत गात होते. पुरुषांचे घोगरे आवाज तेवढे येत होते, बायका नुसत्या तोंड उघडून उभ्या. माझ्यामुळे असेल. मी तिथे असल्यामुळे त्यांना गळा मोकळा करता आला नसेल.

मातीनंतर माग्रीता समोर येऊन उभी राहिली. "मालक, खरं सांगा. त्याने शीळ घातली नाही?"

"नाही, माग्रीता."

"त्या दिवशीच विसरला?"

"माणूस विसरतो."

तिच्यामागे उभे असलेले लोक माना खाली घालून ऐकत होते. एक म्हातारा म्हणाला की वय झालं होतं टीटसचं, थांबायला हवं होतं. दुसऱ्याने विचारलं, सकाळी प्यायला होता का? माग्रीता वळली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागे सरकला. पण प्रश्न विचारला गेला होता. उद्या तो सगळ्या फार्मांवर जाईल.

१२ जुलै

सकाळी चर्चला गेलो नाही. एल्साबे गेली. मी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. डावीकडून. दोनदा.

हाकानला आमची खूण माहीत नव्हती. डावीकडून, दोनदा, चंडोल, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अंगणात गेलो. ओठांचा चंबू केला आणि चंडोलाची शीळ घातली, टीटसने शिकवली तशी. ओठांवर थंड वारा लागला. बाकी काही नाही. मला वाटलं ओठ फाटलेत म्हणून जमत नसेल. पुन्हा घातली. पुन्हा वारा.

पण गोठ्यामागून कुत्रा धावत आला. माझ्यासमोर बसला आणि कान टवकारून माझ्या तोंडाकडे बघू लागला.

मी तिसऱ्यांदा घातली. कुत्र्याने मान तिरकी केली.

मी तिथेच वाळूत बसलो. एल्साबे परत आली तेव्हा तिथेच होतो. तिला वर बघून विचारलं, "टीटसला माहीत होतं?" ती माझ्यासमोर बसली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं, बारेंड. तो मार्चमध्येच माझ्याकडे आला होता. मी म्हटलं मी सांगते. मी सांगितलं. तू ऐकलं नाहीस."

मी त्याला मारलं. हाकानच्या बोटाने, पण मी. आणि मेल्यावर त्याच्या नावाला काळं फासलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

१४ जुलै

ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. सार्जंटने प्रश्न लिहून विचारले, मी लिहून उत्तरं दिली. पुढे काय होईल ते त्यालाही माहीत नाही. परवाना टेबलावर ठेवून आलो. सार्जंटने एकच गोष्ट लिहून विचारली, जी अर्जावर नव्हती: तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मी पेन उचललं. मग लिहिलं: माहीत करून घ्यायचं नव्हतं.

१५ जुलै

माग्रीताकडे गेलो. ती अंगणातल्या निखाऱ्यांवर भाकऱ्या टाकत होती. शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या, आणि टीटस प्यायला होता का विचारणारा तो माणूसही होता. बरं झालं होता.

मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "टीटसने शीळ घातली होती. दोनदा. पाहुण्याने ऐकली. मला ऐकू आली नाही. कित्येक महिने मला तो आवाज येत नाही आणि टीटसला ते माहीत होतं. त्याने फडकं मागितलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाचा जीव जाऊ नये म्हणून तो स्वतः पुढे गेला. तो काहीही विसरला नव्हता. मी खोटी सही केली होती, ती काल बदलून आलो."

माग्रीताने माझ्याकडे पाहिलं. चेहरा हलला नाही. मग ती पाठ करून निखाऱ्यांकडे वळली, भाकरी उलटी केली आणि बोलू लागली. ती बोलते आहे हे मला तिच्या जबड्यावरून आणि डोक्याच्या रुमालाच्या गाठीवरून कळत होतं. बराच वेळ बोलली. चार वाक्यं असतील, पाच असतील. एक बाई रुमालाने डोळे पुसायला लागली. तो माणूस जमिनीकडे बघत होता. निखारे चरचरताना दिसत होते.

ती थांबली. वळली. माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

तिने शाप दिला होता की माफ केलं होतं, की घर सोडून जाते म्हणाली होती, की काही मागितलं होतं, मला एक अक्षर कळलं नव्हतं. नवऱ्याच्या मरणावर एखादी बाई जे बोलली ते तिला पुन्हा बोलायला लावायचं, एवढं माझ्याच्याने झालं नाही.

मी मान डोलावली. कशाला हो म्हणालो, ते मला माहीत नाही.